सकाळी तोतरे होणारे हात

डॉक्टरांनी माझे रिपोर्ट वाचून बाजूला सारले आणि पुढच्या पेशंटची फाइल जवळ ओढत विचारलं, "काम क्या करती हैं आप?"

"टीचर हूँ."

"तब तो ठीक है. बोलने का ही तो काम है."

माझा नवरा शेखर शेजारच्या खुर्चीत होता. तो काहीतरी सांगायला पुढे सरकला, तेव्हा मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. या माणसाला मला काही सांगायचं नव्हतं. बाहेर बाकांवर, जिन्यात, भिंतीला टेकून माणसं बसली होती. काही तर पार बिहारमधून आलेली. डॉक्टरांना वेळ नव्हता, हे मला कळत होतं. कळूनही त्या क्षणी इतका राग आला, की ते पुढे काय बोलले ते मी अर्धवटच ऐकलं.

मी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. माझं बोलणं हातांनी होतं.

आजाराचं नाव रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत याला संधिवात किंवा आमवात म्हणतात, पण त्या शब्दांनी फसू नका. म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. यात शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांना शत्रू समजते आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. सांधे सुजतात, आखडतात, आणि इलाज झाला नाही तर कायमचे वाकडे होतात. त्याची सुरुवात बहुतेक वेळा हातांच्या लहान सांध्यांपासून होते.

"ज़िंदगीभर चलेगा," डॉक्टर म्हणाले. "कंट्रोल होगा. खतम नहीं होगा."

बाहेर आल्यावर शेखरने विचारलं, "चहा घेऊ या का?" मी त्याच्याकडे असं बघितलं असेल, की तो गुपचूप टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, शोधायला रस्त्यावर गेला. बनारसच्या लंका भागातल्या त्या चौकात हॉर्न, धूळ, फळवाले, औषधांच्या दुकानांच्या रांगा. मला वाटलं, या सगळ्या लोकांचे हात ठीक आहेत आणि त्यांना त्याची कवडीचीही किंमत नाही. तो रास्त विचार नव्हता. पण आजार कळल्याच्या दिवशी माणूस शहाणा, शांत वगैरे होतो असं कुणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

सुरुवात त्याआधी बऱ्याच महिन्यांपूर्वी झाली होती. सकाळी उठल्यावर अंगठी बोटात घट्ट बसलेली असायची. मग नळाची चावी फिरेना. मग ब्लाऊजचे हुक लागेनात. दहा-साडेदहापर्यंत हात हळूहळू मोकळे व्हायचे आणि मला वाटायचं, थंडी आहे, रात्री वाकडी झोपले असेन.

मोहल्ल्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही हात दाबून बघितले. "उमर का असर है, बहन जी. कैल्शियम लीजिए, धूप में बैठिए." माझं वय तेव्हा बेचाळीस. मी कॅल्शियम घेतलं, उन्हात बसले. थंडी संपली, आंब्याला मोहोर आला, उन्हाळा आला आणि त्या उन्हाळ्यातही सकाळी हात आखडतच राहिले. तेव्हा कुठे आमच्या शाळेत कान तपासायला येणाऱ्या बाईंनी माझी बोटं बघितली आणि सांगितलं, "हाडांचा नाही, रूमॅटॉलॉजिस्ट गाठा. आजच." रूमॅटॉलॉजिस्ट म्हणजे याच प्रकारच्या आजारांचा डॉक्टर. असा वेगळा डॉक्टर असतो हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून आधी सांगून ठेवते. दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजत असतील, आणि सकाळचा आखडलेपणा तासभर जात नसेल, तर नुसतं उन्हात बसून राहू नका. माझे काही महिने असे गेले. ते मला कुणी परत देणार नाही.

रक्ताच्या तपासण्यांत चार नावं होती. आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या दोन्हींवरून हा आजार ओळखायला मदत होते. ईएसआर आणि सीआरपी, यांवरून शरीरात सूज किती पेटलेली आहे ते कळतं. माझे चारही आकडे वाढलेले होते. हातांच्या एक्स-रेवर दोन सांध्यांशी हाड कुरतडल्यासारखं दिसायला लागलं होतं.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे वाक्य दोनदा वाचा. केमिस्टने माझ्या गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेनने "रोज़ एक" लिहून दिलं होतं. मी गोळी तशी रोज घेतली असती, तर आज हे लिहायला बसले असते की नाही कोण जाणे. शेखर बँकेत आहे, कागदावरचा प्रत्येक शब्द वाचायची त्याला खोड आहे. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाकीट शेजारी ठेवून बघितलं आणि तसाच दुकानात परत गेला. एरवी न भांडणारा माणूस. त्या दिवशी त्याचा आवाज चौकापर्यंत गेला असं नंतर कळलं.

गोळी मी शनिवारी घेत असे. रविवार मळमळण्यात जायचा. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, हे त्या औषधाचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व. दर थोड्या दिवसांनी लिव्हरची तपासणी. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतील. तोवर हात होते तसेच.

माझी आई संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहते. आमचं घराणं कित्येक पिढ्या काशीतच आहे. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. आईला कळल्यावर तिने दर शुक्रवारी संकठादेवीला जायचं ठरवलं, त्याला माझी हरकत नव्हती. पण एका रविवारी ती कुणा वैद्याच्या पुड्या घेऊन आमच्या घरी आली.

"अगं, घेऊन तर बघ. दवाच आहे ना?"

"त्यात काय आहे ते लिहिलंय का कुठे?"

"आपल्या गल्लीतल्या पंडिताइनची सून चालायला लागली त्याने."

डॉक्टरांनी बजावलं होतं, की अशा पुड्यांमध्ये कधीकधी न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने आठवडाभर बरं वाटतं आणि पुढे फार वाईट होतं. मी ते आईला समजावून सांगायला हवं होतं. मी ओरडले. तू अडाणी आहेस, तुला माझा जीव घ्यायचाय, असं काहीबाही बोलले. आई पुड्या उचलून पिशवीत भरू लागली. भरताना म्हणाली, "तुझे वडील गेले तेव्हा सगळं डॉक्टरांच्याच म्हणण्याप्रमाणे केलं होतं मी."

ती जिना उतरून गेली आणि मी तिला सोडायलाही गेले नाही, कारण माझे तळपाय दुखत होते आणि कारण मला जायचंच नव्हतं.

त्या महिन्यांत मला सगळ्यांचाच राग यायचा. सकाळी शेखर माझ्या ब्लाऊजचे हुक लावायचा, साडीच्या निऱ्यांना पिन लावायचा, केस विंचरून अंबाडा बांधायचा. अंबाडा वाईट बांधायचा. मी आरशात त्याच्याकडे बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, याचे हात बघा, कसे सहज वाकतात. ज्या माणसाने मला तयार करून दिलं, त्याचाच मी द्वेष करायचे. असं होतं. तुमच्या घरी आजारी माणूस असेल आणि तो तुमच्याकडे असं बघत असेल, तर ते तुमच्यामुळे नाही.

आता शाळेबद्दल.

शाळा लहान आहे. दरवाजावरच्या पाटीवर "मूक-बधिर" लिहिलेलं आहे, मला तो शब्द आवडत नाही. आमची मुलं मुकी नाहीत. वर्गात शिरून बघा, एकेक जण असा बडबडतो, की तुमचे डोळे थकतील. मी आठवीला विज्ञान आणि इंग्रजी शिकवायचे. वीस वर्षं होत आली होती. बनारसमध्ये कुणा ऐकू न येणाऱ्या माणसाचं कोर्टात किंवा इस्पितळात काम निघालं, की दुभाषी म्हणून मलाच बोलवायचे. माझे हात स्पष्ट आहेत, असं मुलं म्हणायची. खुणांच्या भाषेत याहून मोठं कौतुक नाही.

खुणांमध्ये इंग्रजी शब्द अक्षर-अक्षर करून दाखवावा लागतो. स्वर डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर असतात. अंगठ्याला उजवी तर्जनी लावली की ए, डाव्या तर्जनीला ई, मधल्या बोटाला आय, अनामिकेला ओ, करंगळीला यू. बोटं सुटी आणि सरळ असतील तरच हे दिसतं. माझी मधली दोन बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

एका सकाळी मी पाणी गरम झाल्यावर काय होतं ते शिकवत होते. 'हॉट' हा शब्द काढून दाखवला आणि रागिनीला फळ्यावर लिहायला सांगितलं. रागिनी म्हणजे वर्गातली सगळ्यात चलाख आणि सगळ्यात उद्धट मुलगी. तिने लिहिलं, 'हिट'. पाणी 'हिट' झालं. पोरं हसली. रागिनीने माझ्या हातांकडे बोट दाखवलं आणि ओठांपाशी करायची तोतरेपणाची खूण आपल्या बोटांपाशी केली. सकाळी मॅडमचे हात तोतरे असतात.

मीही हसले. "पण कळतं ना तुम्हाला?" मी विचारलं.

सगळ्या वर्गाने माना हलवल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका मिश्रा मॅडमनी बोलावून घेतलं. त्या दोनच वर्षांपूर्वी आल्या होत्या. मुलांना खुणा नको, ओठ वाचायला आणि बोलायलाच शिकवा, असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत.

"नए सत्र से आप ऑफिस देखेंगी. प्रवेश, फ़ोन, आने-जाने वाले. आराम का काम है."

"माझा वर्ग?"

"शिकायत आई है. बच्चों को आपका समझ नहीं आ रहा."

"कुणी केली तक्रार?"

नाव सांगताना त्या मजा घेत होत्या असं मला अजूनही वाटतं. "नसरीन ने."

नसरीन आमच्याच शाळेत शिकलेली. मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या घरातली, जन्मतः ऐकू न येणारी, आता इथेच मदतनीस शिक्षिका. वय तिशीच्या आत. तिचं आणि माझं कधीच फार जमलं नाही. ऐकणारे लोक खुणा करतात तेव्हा पाठ केलेलं म्हणून दाखवतात, असं ती तोंडावर सांगायची.

मी तिला गच्चीवर गाठलं. आमचं भांडण जोरदार झालं, आणि ते पूर्ण निःशब्द होतं. भांडायलाही मला हातच लागतात. प्रत्येक शब्दाला मनगटातून कळ जात होती, आणि मी थांबत नव्हते.

"माझ्या पाठीमागे गेलीस? माझी नोकरी हवी तुला?"

"तुझी नोकरी मला देणार कोण?" नसरीन म्हणाली. "माझ्याकडे शिकवायचा डिप्लोमा आहे कुठे? मी म्हटलं, सकाळचे तास मला द्या, हिचे दुपारी ठेवा. हिचे हात सकाळी चालत नाहीत. बाकीचं मॅडमचं."

"माझ्या मुलांना कळतं माझं. मी विचारलंय त्यांना."

नसरीनच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. कीव असती तर मी तिथेच संपले असते. पण तो राग होता.

"मान हलवतात ती. तुला कळत नाही? मी सगळं लहानपण मान हलवण्यात घालवलं. घरी अम्मी बोलायची, मी मान हलवायचे. शाळेत टीचर बोलायची, मी मान हलवायचे. नाही कळलं म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. मग कोण सांगतंय? ही तुझ्यावर जीव टाकतात, म्हणून जास्त जोरात हलवतात."

मी खाली उतरले. तिचा एकही शब्द मला पटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पचनसंस्थेचा धडा नेहमीसारखा शिकवला. कळलं का? सगळ्या माना हलल्या. मग मी वर्गात कधीच न केलेली गोष्ट केली. खडू खाली ठेवला, खुर्चीत बसले आणि म्हटलं, "आता कुणीतरी उठून मला सांगा. अन्न पोटातून पुढे कुठे जातं?"

कुणी उठलं नाही. एकाने शेजाऱ्याकडे पाहिलं. एकीने वहीत तोंड घातलं. रागिनीसुद्धा, जी कशालाच घाबरत नाही, ती खिडकीबाहेर बघू लागली. ती सगळी मला वाचवत होती. किती आठवड्यांपासून वाचवत होती, कोण जाणे.

आजाराने माझ्यावर जे जे वार केले त्यात हा सगळ्यात खोल. दुखणं नाही, एक्स-रे नाही. हे.

पुढच्या भेटीला मी डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी पुन्हा फाइलमध्ये डोकं घातलेलं. "दर्द कैसा है? दस में से?"

मी दोन्ही हात वर करून त्यांच्या टेबलावर, फाइलच्या वर धरले आणि खुणांमध्ये बोलायला लागले. त्यांना वर बघावंच लागलं.

"डॉक्टर, मी आत्ता तुम्हाला एक वाक्य सांगितलं," मग मी तोंडाने म्हटलं. "त्यातले निम्मे शब्द चुकले. माझी मुलं बहिरी आहेत. मी हातांनी शिकवते. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, बोलायचंच तर काम आहे."

त्यांनी माफी मागितली नाही. पण पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझं एकेक बोट आपल्या हातात घेऊन प्रत्येक सांधा दाबून बघितला. डाव्या हाताला बराच वेळ लावला.

"पहले बताना चाहिए था," ते म्हणाले.

"पहले पूछना चाहिए था," मी म्हटलं.

शेखर छताकडे बघत होता.

त्या दिवशी इलाज बदलला. मेथोट्रेक्सेटचा डोस वाढला. जोडीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, हे मलेरियाचं जुनं औषध या आजारातही चालतं. त्यासाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून ठेवावी लागते. औषधांचा परिणाम सुरू होईपर्यंत थोड्या काळासाठी कमी मात्रेत स्टेरॉइड. आणि हातांच्या व्यायामासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं, म्हणजे रोजची कामं दुखऱ्या अवयवांनी कशी करायची हे शिकवणारी व्यक्ती. तिने रात्री घालायला हाताचे पट्टे दिले, सकाळी कोमट पाण्यात बोटं हलवायला सांगितली, आणि साफ सांगितलं की सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत या हातांकडून बारीक काम घेऊ नका.

म्हणजे नसरीन जे म्हणत होती तेच.

मी शाळेत जाऊन मिश्रा मॅडमना सांगितलं, की मला ऑफिस नको. सकाळचे तास नसरीन घेईल, मी वर्गातच बसेन, दुपारचे मी घेईन. त्या म्हणाल्या, नसरीनकडे डिप्लोमा नाही. मी म्हटलं, वर्ग माझ्या नावावर राहू द्या. त्या म्हणाल्या, पालकांसमोर ठेवू. त्यांना खात्री होती, पालक नाही म्हणतील.

पालकसभेत वडील पुढे बसतात आणि आया मागे. मिश्रा मॅडमनी माझा आजार असा सांगितला, जसा कुणी इमारतीला गेलेला तडा सांगावा. मग रागिनीचे वडील उभे राहिले. त्यांचं साड्यांचं दुकान आहे, आवाज मोठा.

"एक मैडम बीमार. दूसरी खुद बहरी. हमारी बिटिया को पढ़ाएगा कौन?"

नसरीन माझ्या शेजारी उभी होती. तिने त्यांचे ओठ आणि चेहरा बघितला आणि माझ्याकडे वळली. काय म्हणाले?

मला ते टाळता आलं असतं. पण दुभाष्याने सगळं सांगायचं असतं, त्यातलं काही आपल्या पदरात लपवायचं नसतं. मी दुखऱ्या बोटांनी तिला शब्दन्‌शब्द सांगितला. 'बहरी'सकट.

नसरीन सरळ त्यांच्याकडे तोंड करून बोलू लागली, आणि तिचं बोलणं मी आवाजात म्हणू लागले. त्यासाठी माझ्या बोटांची गरज नव्हती.

"तुमच्या मुलीशी तुम्ही शेवटचं कधी बोललात? जेव, चल, थांब, हे सोडून?"

ते माझ्यावर डाफरले. "यह आप बोल रही हैं कि वो?"

"वो. मैं सिर्फ़ आवाज़ हूँ."

"रागिनीला वर्गात सगळे कोणत्या खुणेने हाक मारतात?" नसरीनने विचारलं, मी म्हटलं. "तिचं नाव काय आहे आमच्या भाषेत? तुम्हाला येतं का?"

ते उभेच राहिले. त्यांना येत नव्हतं. मला वाटलं आता ते बसतील, पण ते बसले नाहीत. ही बदतमीज़ी आहे, मी वरपर्यंत जाईन, असं म्हणत ते निघून गेले. त्यांच्याबरोबर आणखी दोघंतिघं. सिनेमात असतं तसं टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.

फक्त मागच्या रांगेतून एक बाई उठली. रागिनीची आई. नवऱ्याच्या मागे जायचं सोडून ती पदर सावरत पुढे आली आणि नसरीनला नाही, मला विचारलं, "कैसे करते हैं? उसका नाम?"

मी नसरीनकडे हात केला. "इनसे पूछिए."

मिश्रा मॅडमनी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू असं सांगून सभा आटोपली. त्यांचं मन वळलं नव्हतं. पण तोवर दुसरी शिक्षिका मिळत नव्हती, एवढंच.

ती व्यवस्था अजून चालू आहे.

औषधं लागू पडली, पण हळूहळू. आधी दुखण्याने पहाटे येणारी जाग गेली, मग मनगटांची सूज उतरली, मग एके दिवशी मी माझा ब्लाऊज माझी मीच घातला आणि शेखरला हाक मारून दाखवला. स्टेरॉइड बंद झालं. पण डाव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत, आणि होणारही नाहीत. कोर्टातली कामं मी सोडली. तिथे एका अक्षराच्या चुकीने माणूस आत जाऊ शकतो. ती कामं सोडली त्या दिवशी मी रडले, आणि त्या रडण्याने काही हलकं वगैरे वाटलं नाही.

आईशी बोलणं सुरू आहे. पुड्यांचा विषय आम्ही दोघीही काढत नाही. ती इस्पितळात एकदा बरोबर आली, रांगेत माझ्यासाठी बसून राहिली, आणि आत डॉक्टरांना तिने एकच प्रश्न विचारला, "हिचं दुखणं तुम्ही नीट ऐकून घेता ना?" त्यांनी मान हलवली. मी आईला म्हटलं, विचार अजून एकदा.

नसरीन आणि मी मैत्रिणी झालो नाही. ती अजून माझ्या खुणांमध्ये चुका काढते, तेही मुलांसमोर. वर्गात तिने एक नियम केला आहे. कळलं नाही तर मान हलवायची नाही, बाकावर थाप मारायची. लाकडातून ती थाप सगळ्यांना जाणवते. पहिल्या आठवड्यात माझ्या तासाला इतक्या थापा पडल्या, की मला घरी जाऊन उशीत तोंड खुपसावंसं वाटलं.

लोक मला विचारतात, या आजाराने तुम्हाला काय शिकवलं? काही नाही. आजार शिकवत नाही, घेऊन जातो. मला जे कळलं ते एका रागावलेल्या मुलीने गच्चीवर सांगितलं म्हणून कळलं, आणि तेही मी लगेच ऐकलं नाही. तुम्हाला हा आजार नवीन झाला असेल, तर डॉक्टरांना तुमचं काम सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. घरच्यांवर ओरडाल, ओरडून झाल्यावर औषध घ्या. आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी, कुठे कमी पडता आहात ते तोंडावर सांगणारं कुणी असेल, तर त्या माणसाला सोडू नका. तो माणूस आवडलाच पाहिजे असं नाही.

मागच्या जानेवारीत नसरीन डिप्लोमाच्या परीक्षेला लखनौला गेली होती. सकाळचा तास माझ्यावर आला. बाहेर धुकं, वर्गात गारठा, आणि माझी बोटं लाकडासारखी. धडा होता हृदयाचा. रक्त कसं येतं, कसं जातं.

मी दाखवलं. रागिनीने थाप मारली.

पुन्हा दाखवलं, सावकाश. थाप. आता तिच्या मागच्या दोघांचीही.

तिसऱ्यांदा मी फळ्यावर चित्र काढलं, बाण काढले, मग पुन्हा हातांनी सांगितलं. बोटं मिटायची आणि उघडायची अशी ती खूण असते, आणि माझी दोन बोटं ना मिटत होती ना उघडत होती. थाप. मी चिडून विचारलं, "काय कळत नाहीये?"

रागिनी उठली आणि पुढे आली. माझा डावा हात धरून तिने खाली केला, जसा कुणी मध्ये येणारा पडदा बाजूला करावा. मग तिने स्वतःची मूठ छातीवर ठेवली आणि बोटं न हलवता, नुसत्या मनगटाने ती दाबली, सोडली, दाबली, सोडली, आणि कोपरातून हात लांब नेत रक्ताला पायापर्यंत पोचवून परत आणलं. अशी खूण आमच्या भाषेत नव्हती. वर्गातल्या प्रत्येकाला ती दिसली.

"असं करा," ती म्हणाली. "बोटं कशाला?"

मी तसं केलं. मनगट दुखलं, पण हललं. एकदा, दोनदा, शेवटच्या बाकापर्यंत दिसेल असं.

"आता समजलं?" मी विचारलं.

"आता समजलं," रागिनी म्हणाली. "आधी नव्हतं."

आणि जागेवर जाऊन बसली.